तीन उकळ्यांचे दूध

मंगळवार, ११ जानेवारी १९२१, सकाळी साडेदहा. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात माझ्या अठरा महिन्यांच्या मुलीच्या, छबूच्या, बोटातून रक्ताचा एक थेंब काढण्यात आला. डॉक्टरांनी तो टिपकागदाच्या तुकड्यावर उतरवला आणि खिडकीशी जाऊन एका छापील पट्टीवरील लाल छटांशी ताडून पाहिला. पट्टीवर दहा छटा असतात. सर्वांत गडद छटा म्हणजे शंभर टक्के, सर्वांत फिकी म्हणजे दहा. पाहून झाल्यावर त्यांनी पट्टी माझ्या हाती दिली.

"तुम्ही रसायनशास्त्र शिकता ना? तुम्हीच वाचा."

मी तीस वाचले. कागद फिरवून पुन्हा वाचले, तेव्हाही तीसच.

ज्या घरात एखादे लहान मूल हळूहळू पांढरे पडत आहे आणि भोवतालची माणसे त्याचे कौतुक करीत आहेत, त्या घरासाठी हा मजकूर आहे. औषधांची नावे व मात्रा डॉक्टर सांगतील. आमच्या चुका मात्र मलाच सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांतील बहुतेक माझ्या आहेत.

भिंतीवरचा कागद

माझे सासरे, मामंजी, एका तालमीचे वस्ताद. त्यांच्या घरात दुधाविषयी वाद होत नाही. पहाटे म्हैस दारात येते, समोर धार काढली जाते आणि पैलवानांपासून पाळण्यातल्या मुलापर्यंत सर्वांच्या वाट्याला ते दूध येते. लग्नानंतरही मला शिकू देणारे घर म्हणून मी या घराची ऋणी आहे. जून १९२० मध्ये बी.एस्सी.च्या अखेरच्या वर्षासाठी मी पुण्यास गेले, तेव्हा छबू अकरा महिन्यांची होती. तिचे अंगावरचे दूध मी त्याच्या महिनाभर आधीच तोडले होते.

निघण्यापूर्वी मी एक कागद लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर खळीने चिकटवला. त्यावर चार ओळी होत्या. दूध तीन उकळ्या आल्याखेरीज देऊ नये. दिवसातून सहा वेळा द्यावे. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत दुधाखेरीज अन्य काहीही देऊ नये. दर पंधरवड्यास वजन करून मला कळवावे.

यामागे कारणे होती. आदल्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीतील दोन मुले जुलाबांनी गेली होती. उघड्यावरच्या अन्नाची मला धास्ती होती. दूध हे पूर्णान्न आहे, असे माझ्या पुस्तकात होते. ज्यांना हल्ली व्हायटामिन म्हणतात, त्या नव्याने कळलेल्या द्रव्यांपैकी एक दुधाच्या स्निग्धांशात असते, हेही मी वाचले होते. प्रथिने, शर्करा, हाडांना लागणारा चुना या साऱ्यांचा हिशेब मी वहीच्या एका पानावर मांडला होता. दुधात लोह किती, हा प्रश्न त्या पानावर नव्हता.

सासूबाईंना, म्हणजे माझ्या आत्याबाईंना, वाचता येत नाही. त्यांनी तो कागद आमच्या यजमानांकडून दोनदा वाचून घेतला आणि पाठ केला. त्यांनी पाच मुले वाढवली आहेत. त्या पाचांना आठव्या महिन्यापासून नाचणीची आंबील, भाजीचे पाणी, रश्शात कुस्करलेली भाकरी मिळत होती. कागदावर तसे नव्हते, म्हणून छबूला त्यांतील काही मिळाले नाही.

गोरेपणा

वजन उत्तम वाढत होते. यजमान धरणाच्या कामावर ओव्हरसीअर आहेत. पंधरा दिवसांनी घरी येत, मुलीला तागडीत बसवीत आणि मला आकडा पाठवीत. मी तो खोलीवर आलेखाच्या कागदावर मांडीत असे. रेषा चढती होती. मैत्रिणींना मी ती अभिमानाने दाखवली आहे.

दिवाळीला घरी आले तेव्हा छबू गुबगुबीत आणि दुधासारखी पांढरी दिसली. जन्मतः ती माझ्याइतकीच सावळी होती. शेजारच्या बायका तिला पाहायला येत. एकीने तिची हनुवटी धरून म्हटले, "कुणावर गेली गं ही? सायबाची पोर वाटती की. हिला उजवायला हुंडा न्हाई लागायचा." सगळ्या हसल्या. मीही हसले.

तिने मातीचा एक ढेपळा तोंडात धरलेला मी त्याच आठवड्यात पाहिला. आखाड्याच्या तांबड्या मातीचा होता. काढून घेतला तर ती भिंतीचा पोपडा नखाने उकरू लागली. मी मामंजींकडे तक्रार केली. ते ओट्यावर बसून पायाला तेल चोळीत होते.

"खाऊ दे की," ते म्हणाले. "तालमीची माती हाय ती. हळद, ताक, लिंबू घालून मळलीया. नातीला वड हाय तर मला आनंद हाय."

"मामंजी, मातीत जंतू असतात."

"मग माझ्या पोटात किती आसतील?"

मी तिचे हात धुतले आणि पुण्यास परत गेले. माती खाणे हे रक्त कमी झाल्याचे लक्षण असू शकते, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असायला हवे होते की नाही, याचा निर्णय मी अद्याप करू शकलेले नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, परीक्षेच्या अभ्यासासाठी, मी पुन्हा घरी आले, तेव्हा छबू उभी राहत नव्हती. दूध पिताना तिला दम लागे, मध्येच थांबून ती डोळे मिटून घेई. पायाला हात लावला की रडे. आत्याबाईंनी मला परसदारी नेले. त्यांनी स्वतःचा तळवा उघडला आणि त्याशेजारी मुलीचा तळवा धरला.

"बघ. ह्यात रगतच न्हाई. म्या धा दिवस बघतीया. ह्यास्नी सांगितलं तर म्हन्त्यात, गोरी हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. पट्टीवरचे तीस वाचून झाल्यावर डॉक्टरांनी मुलीच्या हिरड्या तपासल्या, मग विचारले, "खाते काय?"

"दूध," आत्याबाई म्हणाल्या.

"आणि?"

"दूधच."

"दीड वर्षाच्या मुलीला नुसते दूध? कोणी सांगितले?"

आत्याबाई मुलीचे झबले नीट करू लागल्या. त्या मला वाचवीत आहेत हे माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग मी सांगितले. डॉक्टरांनी मान हलवली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. टांग्यात बसल्यावर आत्याबाई रस्त्याकडे पाहत हळू आवाजात म्हणाल्या, "तू लिवलंस, आमी पाळलं." त्या आवाजात राग असता तर मला बरे वाटले असते.

एका वेळी एकच

डॉक्टरांचा सल्ला सरळ होता. दूध चौथाईवर आणा. लोहाचे औषध द्या. नाचणी, पालेभाजी, अंडे, मांसाचा रस्सा सुरू करा. रोज नारिंगाचा रस पाजा, कारण हिरड्या आणि पायांचे दुखणे हा एका व्हायटामिनच्या अभावाचा वेगळाच प्रकार दिसतो.

घरी हे सांगताच मामंजी उठून उभे राहिले.

"दूध कमी? माझ्या घरात? लोकं काय म्हन्तील, वस्तादाची नात दुधाबिगर वाढली?"

"आधी वाढू तर द्या," आत्याबाई आतून म्हणाल्या.

दूध कमी झाले, त्याच्या जागी नाचणीची आंबील आली. लोहाचे औषधही त्याच दिवशी सुरू झाले. दातांना काळेपणा येऊ नये म्हणून आत्याबाई प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने दात पुसून काढीत. बाकीच्या गोष्टी मात्र मी एकदम सुरू होऊ दिल्या नाहीत. प्रयोगशाळेत आम्हाला शिकवले होते की एका वेळी एकच घटक बदलावा, म्हणजे परिणाम कशाचा ते कळते. तीच पद्धत मी मुलीला लावली. पहिला आठवडा लोह. मग रस. मग भाजी. मग मांस. डॉक्टरांना मी हे सांगितले नाही. त्यांनी एक पट्टी, टिपकागद आणि सुई मला घरी वापरण्यास दिली होती, एवढ्यावरून मी स्वतःला त्यांची सहकारी समजू लागले होते. दर मंगळवारी सकाळी आठ वाजता मी थेंब घेई व वहीत नोंद करी.

१८ जानेवारी, तीस. २५ जानेवारी, तीस. १ फेब्रुवारी, तीस.

नारिंगाचा रस मी स्वतः काढी. फळे बाजारातली, किती हातांतून आलेली, म्हणून तो रस मी उकळी. दुधाच्याच नियमाने, तीन वेळा.

खाट क्रमांक सात

५ फेब्रुवारीस ताप आला आणि श्वास वाढला. डॉक्टरांनी इस्पितळात ठेवून घेतले. ८ तारखेला माझ्या मंगळवारी मी पट्टी काढली. वीस.

त्या आठ दिवसांविषयी मला फारसे नीट सांगता येत नाही. सकाळी सहाला ताप मोजत. सातला फरशी फिनेलने पुसत. नऊला डॉक्टर येत आणि छातीला नळी लावून इतका वेळ ऐकत, की मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहणे सोडून दिले. दुपारी वॉर्डात शांतता असे. तेव्हा मी तिचे श्वास मोजी. मिनिटाला चौसष्ट. साठ. बासष्ट. मोजणे थांबवले तर श्वास थांबेल, असे मला वाटू लागले होते. हे मी विज्ञान शिकलेल्या मनाने लिहिते आहे.

शेजारच्या खाटेवर शाहूवाडीकडची एक बाई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन होती. त्याचे पोट फुगलेले, पाय काटकुळे. तिने पहिल्याच दिवशी विचारले, "बाई, तुमची लेक किती गोरी हाय. काय चारता?"

"दूध," मी म्हणाले.

"मग बरी हुईल की. आमच्यात नुस्ता भात. भाताची पेज, भाताचं पानी. दूध मिळालं आस्तं तर माजं बी आसंच दिसलं आस्तं."

मी तिला काही समजावून सांगितले नाही. चौथ्या दिवशी तिचा नवरा आला, मुलाला खांद्यावर टाकले आणि डॉक्टर नको म्हणत असताना घेऊन गेला. पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळून भाजावळ करायची होती, असे ती जाताना म्हणाली. त्या मुलाचे पुढे काय झाले ते मला कळले नाही.

यजमान रजा काढून आले. रात्रंदिवस ते पाय दुखेपर्यंत उभे असत. एका संध्याकाळी व्हरांड्यात ते म्हणाले, "तू पुण्याला गेली नसतीस तर."

"मी इथे असते तरी तोच कागद लिहिला असता," मी म्हणाले.

ते खरे होते, आणि त्यामुळे भांडण पुढे गेले नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही एकमेकांशी फक्त मुलीच्या तापाविषयी बोललो.

दिलासा म्हणावा असे थोडेच होते. बाहेरचे अन्न आत आणण्यास मनाई होती. आत्याबाई दोन वेळा पदराखाली आमच्या जेवणाचा डबा घेऊन येत. फाटकावरचा म्हातारा पहारेकरी त्या दिसल्या की पाठ वळवून रस्त्यावरच्या गाड्या पाहू लागे. आठही दिवस त्याने एकदाही चूक केली नाही.

ताप उतरला. १३ तारखेस आम्ही घरी आलो. मुलगी जगेल का, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "रक्त वाढले तर." पंधरा तारखेला वीस होते. बावीस तारखेलाही वीसच.

परीक्षा

५ मार्चला मी परीक्षेस गेले. हे लपवण्यात अर्थ नाही. मुलीचे रक्त वीस टक्के होते आणि मी प्रात्यक्षिकांसह एकोणीस दिवसांसाठी घर सोडले. मामंजी म्हणाले, "जा. हितं बसून तू रगत वाढवनार हाईस व्हय?" हे उत्तेजन होते की टोमणा, ते त्यांनाच माहीत. जाताना मी वेळापत्रक ठेवून गेले. इस्पितळामुळे लांबलेल्या त्या क्रमानुसार त्या आठवड्यात भाजी सुरू व्हायची होती आणि मांस महिनाअखेरीस.

२४ मार्चला संध्याकाळी परत आले. छबू ओट्यावर बसली होती आणि भाकरीचा तुकडा चोखत होती. मी तिचा पाय धरला. ती रडली नाही. त्या दिवशी गुरुवार होता, तरी मी थेंब घेतला. चाळीस.

मी वही उघडून आत्याबाईंसमोर बसले. "काय काय दिलेत?"

"समदं."

"समदं म्हणजे काय? क्रमाने सांगा."

"बोकडाचं काळीज. मुलान्याकडनं रोज ताजं आनलं, उकडून कुस्करलं. आळनी रस्सा. लोखंडी कढईतली माठाची भाजी. आन् वरनं लिंबू पिळलं."

"कधीपासून?"

"तू टांग्यात बसलीस तवापासनं."

"चारही एकदम? आत्याबाई, मग गुण कशाचा आला हे कसे कळणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत मला प्रथमच कीव दिसली. "पोरगी मरायला लागल्यावर आटवडाभर कशाला थांबू गं? मला का वही भरायची हाय?"

मी वही मिटली नाही. पानावर चारही पदार्थ लिहिले आणि पुढे नोंद केली, 'कारण निश्चित करता येत नाही.'

डॉक्टरांना मी या वेळी सर्व सांगितले. वेळापत्रकही आणि उकळलेला रसही. वेळापत्रकाचा कागद त्यांनी वाचून, घडी घालून परत दिला. रसाविषयी मात्र म्हणाले, "उकळलात? मग त्यात साखरेच्या पाण्याखेरीज उरले काय? जे पायांना हवे होते ते उष्णतेने नाश पावते." म्हणजे पायांचा गुण कच्च्या लिंबाचा, एवढे तरी निश्चित झाले. दुधातलेही ते द्रव्य मीच तीन उकळ्यांत घालवले होते. रक्ताचे श्रेय लोहाच्या औषधास द्यावे, काळजास द्यावे, की लिंबू मिळाल्यावरच लोह अंगी लागू लागले, याचे उत्तर डॉक्टरांकडेही नव्हते. माझी शंका लिंबावर आहे. ती सिद्ध करण्यासाठी लागणारा प्रयोग मी कोणत्याही मुलावर करणार नाही.

मी दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाले.

मंगळवार

बरे होणे मंद असते, हे वाचकांनी आधीच जाणून घ्यावे. एप्रिलभर चाळीस. मेअखेर पन्नास. जुलैत, दोन वर्षे पूर्ण झाल्यावर, छबू भिंतीला धरून चालू लागली. ऑगस्टमध्ये हिवताप आला आणि आकडा पुन्हा चाळीसवर गेला. त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत. मातीची ओढ गेली. रंग सावळा होऊ लागला, तेव्हा हनुवटी धरणारी तीच शेजारीण म्हणाली, "आजारानं काळवंडली बिचारी." दूध आता सकाळी एक वाटी, तेही एकाच उकळीचे. मामंजी तेवढी वाटी स्वतःच्या हाताने पाजतात आणि नंतर मुकाट्याने रश्शाचे भांडे पुढे सरकवतात.

जूनपासून मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. संध्याकाळी काही मुली शंका विचारायला घरी येतात आणि दारातून 'बाई' अशी हाक मारतात. छबूला बोलायला फार उशीर झाला. रक्ताशी त्याचा संबंध आहे का, हे डॉक्टर सांगत नाहीत. तिचा पहिला शब्द 'आज्जी' होता. दुसरा तिने त्या मुलींकडून उचलला.

सत्तर झाले की सुई बंद, असे डॉक्टरांनी सांगितले होते. सप्टेंबरच्या मधल्या मंगळवारी पन्नास, शेवटच्या मंगळवारी साठ. त्यानंतर दोन मंगळवार साठच. कालच्या मंगळवारी, मी सुई-पट्टीची डबी घेऊन माजघरात आले, तेव्हा छबू आत्याबाईंच्या मांडीवर होती. तिने मला पाहिले.

"आज्जी, बाई आली," ती म्हणाली. दोन्ही हात पाठीमागे गेले.

"बाई न्हवं, आई हाय ती," आत्याबाई म्हणाल्या. "दे बोट. एकच."

तिने थोडा विचार केला. मग तोंड आत्याबाईंच्या खांद्यात लपवले आणि एक हात मागे, माझ्या दिशेने, लांब केला. टोचले तेव्हा ती रडली नाही. रडणारे मूल निदान आईकडे काही मागत असते.

मी कागद घेऊन खिडकीशी गेले. डाग साठ व सत्तर या दोन छटांच्या मध्ये होता. कागद तिरपा धरला तर सत्तर दिसे, सरळ धरला तर साठ. सत्तर लिहिले असते तर पुढचा मंगळवार आलाच नसता. कोणी विचारलेही नसते; वही माझी, पट्टी माझ्या हाती. दोन छटांमध्ये शंका असेल तर खालची लिहावी, असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी शिकवले होते.

दुपारी पट्टी, टिपकागद आणि सुई मी डॉक्टरांना परत देऊन आले. पुढच्या मंगळवारपासून छबूला दवाखान्यात न्यायचे, असे ठरले आहे. सुई त्यांच्या हातात असेल आणि मुलगी माझ्या मांडीवर. पुढचे आकडे त्यांच्या वहीत जातील. माझ्या वहीतील अखेरची ओळ अशी आहे:

१८ ऑक्टोबर १९२१, मंगळवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. साठ.